फरशी जमिनीची, भिंत घराची

ताई, नमस्कार.
आम्ही कोलोरॅडोत, डेन्व्हरच्या दक्षिणेला हायलँड्स रँचमध्ये राहतो. घर २००१ सालचं, आम्ही पाच वर्षांपूर्वी घेतलं. बेसमेंट अजून कोरं आहे: काँक्रीटची फरशी, काँक्रीटच्या भिंती, कोपऱ्यात फर्नेस आणि वॉटर हीटर. मे महिन्यात माझे आई-बाबा अकोल्याहून सहा महिन्यांसाठी येणार आहेत. त्यांच्यासाठी खाली बेडरूम, बाथरूम आणि बसायची खोली करतोय. काम नवऱ्याच्या मित्राला दिलंय. तो चांगला कारागीर आहे, पण दुसऱ्या राज्यातून नुकताच इकडे आलाय. एक भिंत उभी झाली तेव्हा शेजारच्या आजोबांनी पाहिली आणि म्हणाले, इथे भिंत फरशीला टेकवत नाहीत, वरून टांगतात आणि खाली फट ठेवतात. मित्र म्हणतो, वीस वर्षांत घराला तडा नाही म्हणजे जमीन बसलेली आहे. फट ठेवली तर भिंत हलेल, किडे येतील. परमिटमध्येही उगाच वेळ जाईल. नवऱ्याला मित्राला दुखवायचं नाही. मला मात्र झोप लागत नाही. खरं काय समजायचं? आणि झालेल्या भिंतीचं काय करायचं?
एक वाचक, हायलँड्स रँच

नमस्कार.

तुमचे शेजारी बरोबर सांगताहेत. भिंत वरून टांगायची, खाली फट ठेवायची, आणि जी भिंत उभी झाली आहे ती ड्रायवॉल, म्हणजे चौकटीवरचे जिप्समचे पत्रे, लागण्याआधी सोडवून घ्यायची. आज एवढं एकच वाचायला वेळ असेल तर एवढंच वाचा आणि उद्या सकाळी काम थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्ही अकोल्याच्या, म्हणजे ही माती तुम्हाला परकी नाही. एप्रिल-मे महिन्यात काळ्या रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि मृगाचे दोन पाऊस झाले की त्याच भेगा मिटून रान फुगून वर येतं. मी परभणीची. आमच्या जुन्या घराचं मागचं दार दर पावसाळ्यात अडकायचं आणि दिवाळीनंतर आपोआप सुटायचं. लहानपणी मला वाटायचं, दाराचं लाकूड भिजतं म्हणून. बऱ्याच वर्षांनी इंजिनिअरिंग शिकताना कळलं, की दाराबरोबर त्याखालची जमीनही हलत होती. म्हणून तर आपल्याकडे जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणतो आणि जोत्यात काळी माती ठेवत नाही, ती उपसून मुरूम भरतो. काळी माती पिकाला द्यावी, घराला देऊ नये, हे त्याला पुस्तक न वाचता माहीत असतं.

डेन्व्हरच्या आसपासची माती दिसायला वेगळी आहे, करडी, पिवळट, कुठे हिरवट. पण तिच्यातला खोडसाळ घटक त्याच कुळातला आहे. आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झाली. इकडे सात-आठ कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता, त्याच्या तळाच्या गाळात ज्वालामुखीची राख पडत गेली आणि तिचं बेंटोनाइट, म्हणजे फुगणारी चिकणमाती, झालं. पिअर शेल नावाच्या खडकात ते थराथरांनी सापडतं. तुमच्या भागात डेन्व्हर फॉर्मेशनसारखे त्यानंतरचे क्लेस्टोन, म्हणजे चिकणमातीचे खडकही आहेत, तेही फुगतात. दोन्ही मातींतल्या चिकणमातीचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे एकावर एक असतात. पाणी त्या पत्त्यांच्या मधे शिरतं आणि कॅट जाड होतो. पाणी निघून गेलं की पातळ.

आता तुमचं घर कशावर उभं आहे ते पाहू, कारण सगळं उत्तर तिथे आहे.

या भागात फुगणाऱ्या मातीवर घर बांधताना बहुतेकदा जमिनीत खोल गोल खड्डे पाडून, खालच्या खडकात रुतवलेले काँक्रीटचे खांब ओततात. इकडे त्यांना कॅसॉन म्हणतात. बेसमेंटच्या बाहेरच्या भिंती या खांबांवर बसतात, आणि खांबांच्या मधल्या जागेत भिंतीखाली मुद्दाम पोकळी सोडतात, म्हणजे माती फुगली तर तिला फुगायला जागा मिळते. खोल जायचं, जिथे ओलावा बदलत नाही तिथे पाय रोवायचे, ही युक्ती भारतातही आहे. रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटने काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल रुजवले, तळाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले. आणि आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर वर देऊन काळी माती दाबात ठेवायची पद्धत मांडली, ती कालव्यांच्या अस्तरासाठी वापरली गेली.

थोडक्यात, घर बहुधा खडकावर आहे. पण बेसमेंटची फरशी? ती चार इंच काँक्रीट आहे, आणि ते थेट मातीवर ओतलेलं आहे. घराच्या भिंतींना ती बांधलेली नसते, कडेने सांधा ठेवलेला असतो. म्हणजे ती फरशी घराची नाहीच, जमिनीची आहे. जमीन वर आली की तीही वर येणार, जमीन बसली की बसणार. हे बांधणाऱ्यांनी जाणूनबुजून केलेलं असतं, कारण फरशीला थोपवून धरणं कुणाच्या आवाक्यातलं नाही. हिशेब साधा आहे. काँक्रीट एका घनफुटाला साधारण १५० पौंड भरतं, म्हणजे चार इंच जाडीची फरशी चौरस फुटाला ५० पौंडांचं वजन मातीवर ठेवते. फुगणारा क्लेस्टोन ओला झाला की चौरस फुटाला हजारो पौंडांनी वर ढकलू शकतो. ५० पौंडांचं झाकण त्याला जाणवतही नाही.

आता या दोन गोष्टींच्या मधे तुमच्या मित्रांनी भिंत घट्ट बसवली आहे. वर घर, खाली जमीन. फरशी वर आली की भिंत वर येईल, आणि भिंतीच्या डोक्यावर पहिल्या मजल्याच्या तुळया, म्हणजे जॉइस्ट, आहेत. त्या उचलल्या जातील. बेसमेंटमधल्या हलक्या, भार न घेणाऱ्या पार्टिशनचं काम खोली वेगळी करण्याचं असतं. अशी घट्ट बसवलेली भिंत मात्र जॅकसारखी वागायला लागते.

हे मी पाहिलंय, स्वतःच्या घरात. आमच्या इथल्या पहिल्या घरात आधीच्या मालकाने बेसमेंटमध्ये कोठीची खोली करून घेतली होती. वर स्वयंपाकघरात टाइल्सना एक रेघ उमटली, मग ती रेघ उंचावली, मग अंगणाकडचं सरकतं दार अडायला लागलं. मी इंजिनिअर, तरी दोन वर्षं दाराच्या चाकांना तेल घालत राहिले, कारण तडा वर होता आणि मी खाली पाहिलंच नाही. शेवटी कोठीच्या भिंतीचा खालचा भाग उघडून स्टड, म्हणजे चौकटीतलं उभं लाकूड, कापायला घेतला, तर करवतीचं पातं लाकडात आवळून अडकलं. वरून आणि खालून लाकूड इतकं दाबलेलं होतं. तो आवाज मी विसरलेले नाही, म्हणून तुमचं पत्र वाचल्यावर त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले.

मित्र म्हणतात, वीस वर्षांत तडा नाही. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तुमचं बेसमेंट कोरं होतं. फरशी वर आली असली तरी तिला ढकलायला वर काही नव्हतं, मग घराला तडा कसा जाईल? फरशी खरंच हलली आहे का, हे पाहायला एक दुपार पुरते. आपले गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतात ना, तशीच नळी आणा. बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतींवर चारही बाजूंना एकाच उंचीच्या खुणा करा आणि खुणेपासून फरशीपर्यंतचं अंतर टेपने मोजा. मधल्या लोखंडी खांबांपाशीही मोजा. थोडाफार फरक ओतकामातलाही असतो, पण मधली फरशी कडेपेक्षा एखाद इंच वर असेल, किंवा खांबाभोवती गोल तडे असतील, तर जमीन वीस वर्षं स्वस्थ बसलेली नाही. जिना पाहा. बिल्डरने केलेला जिना बहुधा वरून लटकवलेला असतो आणि शेवटच्या पायरीखाली फट असते. ती फट एका बाजूला मिटत आली असेल तर तेच उत्तर.

आणि आजवर खरंच काही हललं नसेल, तरी पुढचं कोण सांगणार? डेन्व्हर भागात वर्षाला जेमतेम १५ इंच पाऊस-बर्फ पडतो. मूळच्या कोरड्या मातीवर आपण हिरवळ लावतो आणि स्प्रिंकलरने तेवढंच किंवा त्याहून जास्त पाणी ओततो. शिवाय घराखालची जमीन झाकलेली, तिचा ओलावा वर उडून जात नाही. पाणी हळूहळू आत सरकतं, दहा वर्षांनी सरकतं, पंधरा वर्षांनीही. एक फुटलेला स्प्रिंकलरचा पाइप, एक पन्हळ जी पायाशीच पाणी सोडते, आणि शांत फरशी दोन हिवाळ्यांत उठते. आता तुम्ही खाली बाथरूम करणार, म्हणजे पाण्याच्या नव्या लाइनी आल्या. जोखीम वाढतेच.

एक तपासणी मात्र सगळ्यात आधी करा. काही नव्या घरांत बेसमेंटची फरशी मातीवर नसते. खाली रिकामी जागा ठेवून लाकडी किंवा लोखंडी तुळयांवर फरशी टाकलेली असते. पावलांचा आवाज पोकळ येतो, आणि कुठेतरी खाली उतरायचं झाकण असतं. तसं असेल तर हे सगळं प्रकरण वेगळं. तुम्ही काँक्रीटची फरशी लिहिलंय, म्हणून मी मातीवरचीच धरते.

आता टांगलेली भिंत कशी करतात ते सांगते. मित्रांना हे दाखवा, कारण चांगल्या कारागिराला एकदा चित्र डोळ्यांपुढे आलं की पुढे सांगावं लागत नाही. फरशीवर एक पट्टी पक्की करायची, दोन-बाय-चारची (प्रत्यक्षात दीड इंच जाड), प्रक्रिया केलेल्या लाकडाची. ती फरशीची, फरशीबरोबर वर-खाली होणार. मग वरच्या जॉइस्टना भिंतीची पूर्ण चौकट ठोकायची: वरची आडवी प्लेट, स्टड, खालची आडवी प्लेट. ही चौकट त्या पट्टीपर्यंत पोचत नाही, मधे मोकळी फट राहते. तुमच्याकडे फरशीपासून जॉइस्टच्या तळापर्यंत ९६ इंच असतील असं धरा. पट्टीचे दीड इंच गेले, फटीचे तीन गेले, चौकटीला साडेएक्याण्णव उरले. त्यातून वरच्या-खालच्या प्लेटचे तीन वजा, म्हणजे स्टड साडेअठ्ठ्याऐंशी इंचांचा कापायचा. दुकानात तयार मिळणारा स्टड इथे चालत नाही, प्रत्येक कापावा लागतो, आणि इतर राज्यांतून आलेल्या कारागिरांचं घोडं इथेच अडतं. जॉइस्ट भिंतीला समांतर असतील तर त्यांच्या मधे आडव्या ठोकळ्या मारून भिंतीला टांगायला आधार करावा लागतो.

भिंत हलेल, ही मित्रांची शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर कोलोरॅडोतल्या सुतारांनी फार पूर्वी काढलंय. चौकटीच्या खालच्या प्लेटला खिळ्यापेक्षा जरा मोठं भोक पाडतात आणि त्यातून सहा इंचांचा किंवा त्याहून लांब खिळा खालच्या पट्टीत ठोकतात. खिळा पट्टीत घट्ट, प्लेटच्या भोकात सैल. भिंत पुढे-मागे हलत नाही, पण फरशी वर आली की खिळा भोकातून वर सरकतो आणि भिंत जागेवर राहते. असे खिळे ठरावीक अंतरावर आणि दाराच्या दोन्ही अंगांना मारायचे. अंतर तुमच्या काउंटीच्या तपशिलात दिलेलं असतं. ही भिंत हाताने हलवून पाहा, हलत नाही.

फट किती? कुठे दीड इंच किमान धरतात, कुठे तीन. तुमच्या प्लॉटच्या माती-अहवालात त्याहून जास्त सांगितलं असेल तर अहवालाचं ऐकायचं. कोलोरॅडोचा कायदा असा आहे, की नवं घर विकताना बिल्डरने व्यवहार पूर्ण होण्याच्या किमान १४ दिवस आधी माती-अहवालाचा सारांश खरेदीदाराला द्यायचा. तुम्ही दुसरे किंवा तिसरे मालक, त्यामुळे तुमच्या कागदांत तो नसेल. आधीच्या मालकांकडे विचारा, नाहीतर डग्लस काउंटीच्या बिल्डिंग विभागात तुमच्या पत्त्याची जुनी फाइल मागा.

फट फोमने भरायची का, किड्यांसाठी? मुळीच नाही. स्प्रेचा फोम सुकला की टणक होतो, आणि जी गोष्ट दाब पुढे पोचवते ती फटीत नको. फट बेसबोर्डच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या फळीच्या, आड जाते, कुणाला दिसत नाही. ड्रायवॉल चौकटीच्या खालच्या प्लेटपाशी संपवायची, फरशीपर्यंत आणायची नाही. बेसबोर्ड खालच्या पट्टीला ठोका, मागे ड्रायवॉलच्या जाडीची चिंचोळी फळी देऊन, म्हणजे तो फरशीबरोबर वर आला तर ड्रायवॉलच्या पुढून सरकेल. तीन इंच फट आणि दीड इंच पट्टी मिळून साडेचार होतात, म्हणून बेसबोर्ड सव्वापाच इंची तरी हवा. काही जण तो वरच्या चौकटीला ठोकून खाली मोकळा ठेवतात. काहीही करा, पण दोन्हींना ठोकू नका. रंगारी शेवटी बेसबोर्डची वरची कड कॉकने, म्हणजे सांधे भरायच्या लेपाने, बंद करायला निघेल, त्याला आधीच सांगून ठेवा. मी पाहिलेल्या चांगल्या टांगलेल्या भिंतींपैकी निम्म्या तरी शेवटच्या दोन दिवसांत बिघडल्या: सगळं नीट केलं, मग कुणीतरी सफाईदार दिसावं म्हणून फट भरली, नाहीतर खिळा दोन्ही लाकडांतून आरपार मारला.

बाहेरच्या काँक्रीटच्या भिंतींना लागून जी चौकट कराल तीही अशीच टांगायची, आणि काँक्रीटला न चिकटवता थोडी पुढे ठेवायची. दाराची चौकट भिंतीबरोबर टांगलेली असते, म्हणून तिचे पाय फरशीवर टेकवायचे नाहीत. खाली उरलेल्या जागेवर फरशीला चिकटवलेला छोटा ठोकळा लावला की नीटनेटकं दिसतं. पुढे कधी दार फरशीला घासलं तर दार खालून तासता येतं. दार तासणं स्वस्त पडतं.

लोखंडी खांब सजवायला लाकडी खोकं करतात, ते तुळईपासून लटकवा आणि जिथे खांबाला कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तिथे उघडणारी झडप ठेवा. फर्नेस फरशीवर उभा आहे आणि त्याचा डक्ट छताला बांधलेला आहे, म्हणजे तिथेही तेच भांडण. मधे कापडी किंवा दबणारा जोड असायला हवा, आणि गॅसची नळी लवचीक. फर्नेसची खोली करताना हे जोड झाकून टाकू नका.

आता बाथरूम, जिथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. बाथरूममध्ये फरशी आणि भिंत एकमेकींना चिकटवण्याचा मोह पावलोपावली होतो. कमोड फरशीवर, शॉवरचं तळ फरशीवर, आणि शॉवरच्या तिन्ही भिंती वरून टांगलेल्या. त्यांच्या मधला सांधा सिमेंटच्या ग्राउटने भरला तर पहिल्याच हालचालीला तडकेल, आणि पाणी नेमकं त्या मातीत उतरेल जिला आपण कोरडं ठेवायची धडपड करतोय. एकसंध तळ असलेला शॉवर घ्या, भिंतीचे पत्रे किंवा टाइल त्याच्या काठावरून खाली लोंबतील पण टेकणार नाहीत असं करा, आणि सांध्यात लवचीक सिलिकॉन. बेसिनचं कपाट एकतर भिंतीवर टांगा नाहीतर फरशीवर ठेवा, दोन्हीकडे बांधू नका. फरशीला टाइल हवीच असेल तर खाली फरशीची हालचाल टाइलपर्यंत पोचू न देणारा थर (अनकपलिंग मेम्ब्रेन) घालून लावा. बेडरूममध्ये कार्पेट बरं, ते हालचाल सोसतं, आणि आई-बाबांच्या पायांना हिवाळ्यात ऊबही राहते. ड्रेनेजसाठी फरशी फोडावी लागणार असेल तर आधी पाहा, बिल्डरने खाली पाइप काढून ठेवलाय का. बऱ्याच घरांत असतो. देव्हारा खाली करणार असाल तर संगमरवरी भारी देव्हारा फरशीवर ठेवून त्याची पाठ भिंतीला सिमेंटने लावू नका. भिंतीवर टांगलेला लाकडी देव्हारा इथे चांगला.

झालेल्या भिंतीबद्दल. ती पाडायची गरज नाही. आधी खात्री करा की ती भार घेणारी नाही. घराची मधली तुळई लोखंडी खांबांवर असेल आणि ही भिंत नुसती खोली वेगळी करणारी असेल, तर ती वरच्या जॉइस्टना नीट ठोकून घ्यायची, मग प्रत्येक स्टड तळाशी कापायचा, खाली नवी प्लेट घालायची आणि फट मोकळी करायची. एकेक स्टड घ्या, सगळे एकदम नको. जुनी प्लेट फरशीवर राहील, तीच तुमची पट्टी. दीड-दोन दिवसांचं काम आहे, कारण ड्रायवॉल अजून लागलेली नाही. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला तासाभरासाठी बोलवा.

परमिट काढा. त्यात वेळ जाईल हे खरं. पण इथले इन्स्पेक्टर रोज टांगलेल्या भिंती पाहतात. ते खिळा, फट, दाराची चौकट पाहतील, आणि तुमच्या वतीने तिसरा माणूस बोलेल, म्हणजे मित्राशी वाद तुम्हाला घालावा लागणार नाही. आई-बाबा खाली झोपणार, म्हणून आणीबाणीत बाहेर पडता येईल अशी खिडकी हवी: उघडल्यावर साधारण ५.७ चौरस फूट मोकळी जागा, आणि खिडकीची कड फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. तशी खिडकी नसेल तर काँक्रीटची भिंत कापावी लागेल, ते काम इंजिनिअरच्या चित्राशिवाय करू देऊ नका. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म खाली लावा. आणि भिंती बंद होण्याआधी रेडॉनची, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूची, चाचणी करा. कोलोरॅडोत हा वायू घराघरांत आढळतो. लिटरला ४ पिकोक्युरी किंवा जास्त आला तर उपाय करायचा असतो, आणि त्याचा पाइप आत्ता टाकणं सोपं आहे.

बाहेरचं काम नवऱ्याला द्या, तेही तेवढंच मोलाचं आहे. घराभोवतीची जमीन पहिल्या दहा फुटांत किमान सहा इंच उतरती हवी. पन्हळींची तोंडं लांब नळ्या लावून पायापासून पाच फूट तरी पुढे न्या. घराला टेकून लावलेली फुलझाडं आणि त्यांचं ठिबक काढा. हिरवळीचे स्प्रिंकलर भिंतीवर उडत असतील तर वळवा.

मित्राबद्दल एक सांगते. तो तुम्हाला फसवत नाहीये. त्याने जिथे काम केलं तिथे भिंत फरशीला ठोकणं हीच शिस्त असेल, आणि त्याच्या डोळ्यांना फट म्हणजे हलगर्जीपणा दिसतो. पण त्याला हे पत्र नुसतं हातात देऊ नका. नवऱ्याला सोबत घेऊन त्याला एखाद्या शेजाऱ्याच्या झालेल्या बेसमेंटमध्ये न्या, त्याच आजोबांकडे जमलं तर उत्तमच. बेसबोर्डमागे टॉर्च मारून ती फट आणि तो खिळा बघू द्या. कारागिराला कारागिरीच पटते. त्याला या राज्यात पुढे काम करायचंय, त्याच्या पुढच्या प्रत्येक घराला हे लागणार आहे. नवऱ्यालाही असं सांगून पाहा.

कामाला लागलात की खालच्या पट्टीवर प्रत्येक खोलीत पेन्सिलने तारीख आणि त्या दिवशीची फट लिहून ठेवा, बेसबोर्ड लागण्याआधी. फर्नेसच्या खोलीत बेसबोर्ड लावूच नका, म्हणजे दर वसंतात आणि शरदात तिथे टेप लावून फट किती उरली ते पाहता येईल. उभी असलेली भिंत कापताना पातं अडकलं का, आणि नळीच्या लेव्हलने मधली फरशी किती वर निघाली, हे मला कळवा. तीन इंच पुरतील की जास्त लागतील, ते त्यावरून सांगते.